पाठकोऱ्या कागदाची पुढची बाजू

आमचं मूळ गाव मुरबाडच्या पुढं, पण गाव मी लग्नकार्यापुरतंच बघितलेलं, जन्म माझा अंबरनाथचा, पश्चिमेला, तेव्हा तिथं बैठ्या चाळी होत्या. वडील काड्यापेटीच्या कारखान्यात. काय सांगू ताई तुम्हाला, त्या कारखान्याची एक गोष्ट डोक्यात बसलीय, म्हणजे मी बघितलेली नाय, वडलांच्या तोंडून ऐकलेली, की सुटताना गेटवर रोज झडती व्हायची, खिसे उलटे करून दाखवायचे, डबा उघडायचा, आणि एक काडी जरी निघाली तरी नाव लिहून घ्यायचे. आई चिडवायची त्यांना, बोलायची अख्ख्या मुलखाच्या चुली तुम्ही पेटवता आणि आपल्या घरात काडीपेटी वाण्याकडून उधार. वडील हसायचे नाय. बोलायचे, अगं, काडी एवढीशी असते, पण बाहेर गेल्यावर तिला काय भेटेल ते आपल्याला कुठं माहीत असतं. मला तेव्हा त्यातलं काय कळलं नाय. आता माझं वय बावन्न, आता कळलंय, पण त्याची किंमत मी नाय मोजली, दुसऱ्याच बाईने मोजली, तेच सांगायला बसलोय.

मी संपत. आडनाव नका लिहू, उगाच कुणाला शोधायला सोपं नको. बघा, एवढी अक्कल मला आधी असती तर तुम्हाला लिहायला काय राहिलंच नसतं.

आयटीआय झाल्यावर मी उल्हासनगरात एका सिंधी सेठकडे लागलो, कॉपियरच्या कामाला. कॉपियर म्हणजे ते ऑफिसात मोठं मशीन असतं ना, झेरॉक्स पण तेच, प्रिंट पण तेच, स्कॅन पण तेच. सेठचा धंदा असा की मोठ्या ऑफिसांची जुनी मशीनं उचलायची, गोडाऊनला आणून धुवायची पुसायची, घासलेले पार्ट बदलायचे आणि छोट्या दुकानांना विकायची. सेठ बोलायचे, साईं, मशीन की उमर नहीं देखने का, चेहरा देखने का. माणूस भला, मला पोराबाळांसारखं शिकवलं. पुढं मी स्वतःची पण कामं धरली, बदलापुरात, अंबरनाथच्या कंपन्यांमध्ये, वर्षाचा करार करायचा, मशीन बिघडलं की जायचं. पण सेठकडचं येणंजाणं सुटलं नाय, अजून नाय सुटलं.

आता कसंय ताई, या मशीनच्या पोटात एक डिस्क असते, कॉम्प्युटरमध्ये असते तशीच, आणि हे बऱ्याच लोकांच्या गावीही नसतं. त्यांना वाटतं कागद आत गेला, दुसरा बाहेर आला, विषय संपला. पण मशीन आधी त्याचा फोटो काढतं, डिस्कवर ठेवतं, मग छापतं. काही मशीनं नंतर पुसून टाकतात, काही नाय पुसत, आणि वरून लोकच मुद्दाम ठेवून देतात, की परत लागलं तर बटण दाबलं की हातात. पासवर्ड असतो, नाय असं नाय, पण तो कंपनीतून आला तसाच, बदलायची तसदी कोण घेतो. मला सगळ्या मशीनांचे तोंडपाठ. रंजना, माझी बायको, बोलते, माझा वाढदिवस सोडून जगातले सगळे आकडे लक्षात राहतात तुमच्या.

मशीन दुरुस्त झालं की टेस्ट करायला लागतं. कोरं पान काढून काय कळत नाय, भरगच्च पाहिजे, बारीक अक्षरं, एखादा शिक्का, सही. खरं तर टेस्टचा कागद आपला आपण सोबत न्यायचा असतो, पण कोण शोधत बसतो, डिस्कवर असतंच की काहीतरी, तेच काढायचं, वीसपंचवीस पानं. सेठकडच्या सगळ्यांची हीच रीत, मला शिकवणाऱ्याने अशीच शिकवली, मी पण पुढच्यांना अशीच शिकवली. वाचत नव्हतो हं ताई, ते एक लिहा. आम्ही कागद बघतो, वाचत नाय, रेघ आली का, डाग पडला का, काळं कमीजास्त आहे का. हलवायाचं मिठाईवर लक्ष नसतं तसं.

आणि ती पानं मग टाकायची कशाला. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी, पाठकोरे कागद. आमच्या घरात कागद फेकणं म्हणजे पाप, वडलांनी माझ्याकडून कॅलेंडरच्या मागं पाढे लिहून घेतलेत. मग मी ती बॅगेत भरून घरी आणायचो, आणि रंजना तिसरीचौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, तिला गणितं घालायला व्हायचे. मुलांच्या आया खूष, वह्यांचा खर्च वाचायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. कुणी कधी कागद उलटा करून बघितला नाय, मी पण नाय.

आम्ही राहतो बदलापुरात, बेलवलीला, तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या खाली शालनवहिनी. त्यांचा नवरा कंपनीत हेल्पर, काम कधी असतं कधी नसतं, पण घर चालायचं वहिनींच्या चपातीभाजीच्या डब्यांवर. तीसेक डबे जायचे, निम्मे आमच्याच बिल्डिंगमधले, नवराबायको दोघं नोकरीला अशी घरं. माझा पण डबा त्यांचाच. चपाती अशी की संध्याकाळी उघडली तरी मऊ. तोंडाने फटकळ, डबा धुतलेला नसेल तर दारातून परत पाठवायच्या, बोलायच्या, भाऊजी, खरकटं घासायला मी तुमची बायको नाय. प्रत्येक डब्याला चिठ्ठी, वर नाव, खाली भाजी. त्या कामात एकदाच खंड पडलेला, दोन महिने, वहिनींनी सांगितलं आई आजारी आहे, माहेरी जाते. आल्यावर परत चालू.

कात्रपला एक लॅब आहे, नाव नाय सांगत, रक्त थुंकी तपासतात. त्यांच्याकडं माझा करार होता. तिथल्या बाई रिपोर्ट मशीनमध्येच ठेवून द्यायच्या, पेशंट हरवून परत मागायला आला तर पटकन देता यावा म्हणून, त्यात त्यांची काय चूक काढणार मी. ते मशीन जुनं झालं, त्यांनी नवीन घेतलं आणि जुनं मी सेठच्या गोडाऊनला आणलं. त्याच्या ड्रमवर, म्हणजे ज्या नळकांड्यावरून कागदावर छाप उठते त्याच्यावर, चरा पडलेला. त्यामुळं प्रत्येक पानावर एक रेघ यायची, उजव्या कडेपासून दोन बोटं आत, वरपासून खालपर्यंत, केसासारखी. ती रेघ कशाने येते ते शोधायला मी पानं काढली, डिस्कवरची, नेहमीसारखी. ड्रम बदलला, रेघ गेली, मशीन विकलं गेलं, पानं बॅगेतून घरी आली.

मग दहापंधरा दिवसांनी एका सकाळी मी दाढी करतोय आणि रंजना दारात येऊन बोलली, अहो, आजपासून खालचा डबा बंद. का गं बोललो, तर बोलली वहिनींना टीबी आहे, बायकांच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो आलाय, नावगाव सगळं आहे. मी आरशात बघत बोललो, बरं केलंस. हे दोन शब्द मी बोललो ताई. गाळू नका, लिहा.

पुढचे दोन दिवस आमच्या जिन्यात जे चाललं ते मी येताजाता बघितलं. कुणी भांडायला गेलं नाय, कुणी विचारायला गेलं नाय. शिल्लक राहिलेले वहिनींचे डबे लोक धुवून पुसून त्यांच्या दाराच्या कडीला लटकवायचे आणि चपला न वाजवता खाली उतरायचे. कडीला जागा उरली नाय तेव्हा खाली उंबऱ्यापाशी ठेवायला लागले. आणि तोंडं मात्र चालूच, उचलली जीभ लावली टाळ्याला, एक बोलते आम्हाला चार वर्षं टीबी खायला घातला, दुसरी बोलते तरीच माझ्या पोराला खोकला. तिसातले पाच डबे राहिले, ते पण बाहेरचे, ज्यांना अजून कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना रंजनाने मला तो फोटो दाखवला, बोलली बघा तरी, मी काय खोटं बोलते. मी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणि उजव्या कडेपासून दोन बोटं आत मला ती रेघ दिसली. वरपासून खालपर्यंत. दुसऱ्या कुणाला ती दिसली पण नसती, पण मी त्या रेघेच्या मागं अख्खा एक दिवस घातलेला, मी तिला कशी विसरेन. आणि कागदाच्या पाठीमागून वजाबाकीचे आकडे उमटलेले, हातचे घेतलेले, रंजनाच्या शिकवणीतले. पहिल्या मजल्यावरची एक मुलगी गणितं करून घरी घेऊन गेली, आईने गणित तपासलं, मग पान उलटलं, वर नाव वाचलं, हे तर आपल्या वरच्या शालनवहिनी. बस, एवढंच झालं. मी रंजनाला ते दाखवलं. तिने फोन घेतला आणि स्वतः मोठा करून बघितला.

खरं सांगू, त्या दिवशीच जायला पाहिजे होतं. मी चार दिवस नाय गेलो. लॅबला कळलं तर करार जाईल, एकाने सोडलं की दुसरा सोडतो, बदलापूर केवढंसं आहे. आणि लाज, ती वेगळीच. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलेलं ताई, पण चोर आपण असलो की ती म्हण ऐकवत नाय. मी वहिनींच्या दारावरून जाताना फोन कानाला लावून जायचो, पलीकडं कुणी नसायचं. चौथ्या दिवशी रंजना बोलली, तुम्ही सांगताय का मी सांगू. आणि मग मला एकदम दुसरंच आठवलं, की मशीन तर विकलं गेलंय, आणि डिस्क तशीच आत आहे. एक पान बाहेर पडलं तर हे, तिकडं किती पानं पडली असतील. पायात चपला घालेपर्यंत वडलांचं ते काडीचं बोलणं डोक्यात चालू झालं.

आधी सेठकडं गेलो. सेठ बोलले, संपत, पागल हुआ क्या, इतने साल मशीन बेचा, कभी डिस्क निकाला क्या तूने. नव्हतीच काढली कधी. शाळांची मशीनं गेली माझ्या हाताखालून, वकिलांची, कंपन्यांची, पगाराचे कागद, कुणाचं आधारकार्ड, कुणाच्या घटस्फोटाचे कागद, सगळं पुढच्या दुकानात पोचवलं मी, वरून पुसून, चेहरा चमकवून. ती आता कुठं कुठं आहेत ते मला आठवत पण नाय. त्याचं काय करायचं हे मला आजही कळलेलं नाय. पण सेठने पत्ता दिला, आणि आपल्याकडची एक कोरी डिस्क पण दिली, बोलले जा, लगा के आ, मन हलका हो जाएगा.

मशीन होतं उल्हासनगरातच, कॅम्प चारला, एका झेरॉक्सवाल्याकडं. तो पोटभर हसून बोलला, अरे भाई, इसमें तो पहले से कितना माल भरा है, मैं टेस्ट उसी से मारता हूँ. आणि काउंटरवर त्याने गठ्ठा ठेवलेला, पाठकोरे, गिऱ्हाइकांच्या पानांची बेरीज मारायला. मी वरचं पान उलटलं. कुणातरी बाईचं नाव, वय एकोणीस, खाली कसलीतरी तपासणी. आयुष्यात पहिल्यांदा मी कागद वाचला ताई. बघितला नाय, वाचला. मग तो गठ्ठा घेतला, डिस्क काढली, कोरी लावली, मशीन चालू करून दिलं आणि त्याला बोललो, पुन्हा असं सापडलं तर मला फोन कर, पानं छापू नको. तो बोलला, करूंगा ना. करेल का माहीत नाय.

तिथून सरळ वहिनींकडं. दुपारचे बारा, आणि त्या घरात गॅस बंद, तसं मी कधी बघितलं नव्हतं. परात उपडी घातलेली, डबे कोपऱ्यात एकावर एक. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, रेघ, शिकवणी, ग्रुप, आणि बरं केलंस बोललो ते पण. वहिनी उठल्या आणि कपाटातून एक फाइल काढून माझ्यापुढं ठेवली. बोलल्या, वाचा, आता वाचायचंच काम आहे ना तुमचं. त्यात सरकारी दवाखान्याचे कागद होते, औषध पूर्ण झालं, आजार बरा झाला, शिक्का. दोन वर्षांपूर्वीचं सगळं. बोलल्या, माहेरी नव्हते गेले मी भाऊजी, इथंच बदलापुरात नणंदेकडं राहिले. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी डबे बंद केले. डॉक्टर बोलले आता तुमच्यापासून कुणाला लागण होणार नाय, तेव्हाच पीठ मळायला घेतलं, आणि औषध पुढं पण शेवटच्या गोळीपर्यंत घेतलं. मी कुणाला फसवलं नाय. झाकली मूठ होती, ती कधी उघडायची, कुणापुढं उघडायची, ते माझं मी ठरवणार होते. तेवढं एक माझं होतं.

मला रडू आलं. वहिनी नाय रडल्या. बोलल्या, ते पुसा आणि सांगा, ती कागद ठेवणारी वस्तू कुठंय. मी पिशवीतून डिस्क काढली. बोलल्या, यात मी एकटीच का आणखी कुणी. बोललो, शेकडो असतील. वहिनी आत गेल्या आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आल्या. मी स्क्रू काढून वरचं झाकण उघडलं, आत ती चकती, काचेची, आरशासारखी लख्ख. वहिनींनी वाकून बघितलं, त्यांचंच तोंड दिसलं त्यात. बोलल्या, मी कुठल्या बाजूला आहे यात. बोललो, ते सांगता येत नाय वहिनी, दिसत नाय. मग त्यांनी वर जुनं फडकं टाकलं आणि बत्ता घातला. एका घावात चुरा झाला. तरी त्यांनी आणखी घातले, मोजून नाय, पण बरेच. बोलल्या, हे माझ्या वाटणीचे नव्हते, त्या बाकीच्यांच्या वाटणीचे होते. चुरा त्यांनीच सुपलीत भरला, मला हात लावू दिला नाय. तो गठ्ठा पण ठेवून घेतला, बोलल्या हे मी जाळते, तुमच्या हातात कागद नको.

मी बोललो, रंजना ग्रुपवर लिहायला तयार आहे, की चूक आमची, कागद आमच्या घरातून गेला, रिपोर्ट जुना आहे. लिहू का. वहिनी बोलल्या, आता विचारताय होय. मग बोलल्या, लिहा, पण मी सांगेन तेवढंच, आणि मी सांगेन तसंच. संध्याकाळी रंजना खाली गेली, वहिनी बोलत गेल्या आणि ती लिहीत गेली, एक शब्द इकडचा तिकडं नाय. शेवटी वहिनींनी घातलं की ज्यांना डबा नको त्यांनी दार वाजवून सांगावं, कडीला लटकवू नये.

त्याने सगळं काय जागेवर आलं नाय. दहाबारा जण परत आले, दार वाजवून आले, त्यातल्या दोघींनी माफी मागितली. बाकीचे नाय आले ते नाय आले, अजून जिन्यात नजर चुकवतात. वहिनींनी स्टेशनकडची नवीन गिऱ्हाइकं धरली. रंजनाच्या शिकवणीतली निम्मी मुलं गेली. मी लॅबच्या डॉक्टरांना पण जाऊन सांगितलं, त्यांनी करार तोडला, बरोबरच केलं. बाहेर पडताना मी त्यांना एवढंच बोललो, नवीन मशीनचा पासवर्ड आज बदला, जुनाच आहे, मला येतो.

आता माझं काम असंय ताई. मशीन ऑफिसातून हलायच्या आधी डिस्क काढतो, मालकासमोर, आणि त्याच्या हातात देतो, काय करायचं ते तुम्ही करा, बत्ता आहे का घरी. लोक हसतात. काहीजण कंटाळतात, बोलतात तुझं भलतंच. पण बघा ना, कंपन्यांमध्ये जातो मी, गेटवर कॅमेरे, लॅपटॉपची एंट्री, पेनड्राइव्ह बाहेर काढून ठेवा, सगळा बंदोबस्त, आणि मी अख्ख्या ऑफिसचे कागद पोटात असलेलं मशीन ढकलत बाहेर आणतो तर वॉचमन पुढं होऊन गेट उघडून धरतो. दिव्याखाली अंधार दुसरं काय. वडलांच्या कारखान्यात काडी सुटत नव्हती. टेस्टचा कागद आता मी माझा नेतो, रंजनाने लिहिलेले एकोणतीसपर्यंतचे पाढे आहेत, बारीक अक्षरात, खाली तिची सही. ते कुणाच्या हाती लागले तर कुणाचं काय बिघडत नाय, झालाच तर फायदा. सेठच्या गोडाऊनला पण आता एक हातोडी टांगलीय. सेठ बोलतात, साईं, तूने मेरे धंधे में कुटाई का डिपार्टमेंट खोल दिया. पण टांगलीय त्यांनीच.

तुमच्याशी बोलायच्या आधी मी वहिनींना विचारून आलो. बोलल्या, सांगा, पण माझं नाव बदला. कुठलं ठेवू विचारलं, तर शालन हे त्यांनीच निवडलं, लहानपणी त्यांना ते नाव आवडायचं.

डबा मला त्यांनी वर्षभर दिला नाय. मी दर महिन्याला दार वाजवून विचारायचो, त्या नाय बोलायच्या आणि दार लावायच्या, मला ते कबूल होतं. मग मागच्या दिवाळीनंतर एक दिवस स्वतःच हाक मारली, घेऊन जा बोलल्या. तशीच चपाती, तशीच मऊ. सगळ्यांच्या डब्याला चिठ्ठी असते तशी माझ्या पण डब्याला असते, वर नाव, खाली भाजी. फरक एकच. बाकीचे लोक चिठ्ठी फेकून देतात. माझ्याकडून वहिनी रोज परत मागून घेतात, डबा घ्यायच्या आधी हात पुढं करतात, चिठ्ठी. मी देतो, मग त्या डबा उघडून धुतलाय का बघतात, मग आत जातात. त्यांची परात कधी उपडी पडायची पाळी येऊ नये, एवढंच माझं मागणं आहे. ही बघा, आजची खिशात आहे, मेथी. जाताना देऊन जायचीय.